सेरेंगेटी आणि मसाई मारा : महास्थलांतर पाहायचे असेल तर सफारीची आखणी कशी करावी

आफ्रिकेच्या सफारीचा बेत करणारे कुटुंब सहसा आधी सुट्टी ठरवते, मग विमानाची तिकिटे काढते आणि सर्वांत शेवटी सहल आयोजकाला विचारते की, ‘मायग्रेशन दिसेल ना?’ ‘हो, नक्की दिसेल’ असे उत्तर येते आणि ते खोटेही नसते. कारण विल्डबीस्ट या गवतावर जगणाऱ्या प्राण्याचे कळप वर्षाचे बाराही महिने कुठे ना कुठे चालतच असतात. अडचण एवढीच की, त्या महिन्यात कळप जिथे असतात तिथून आपला मुक्काम दीडशे किलोमीटर दूर पडला, तर सेरेंगेटीत चार दिवस राहूनही सिंह, हत्ती, जिराफ दिसतात आणि ज्यासाठी एवढा खर्च केला ते मात्र दिसत नाही. म्हणून क्रम उलटा धरावा. स्थलांतराचा कोणता टप्पा पाहायचा हे आधी ठरवावे, टप्प्यावरून महिना, महिन्यावरून मुक्कामाचे ठिकाण, आणि ते जमल्यावर विमान.

कळप का आणि कसे फिरतात

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या आग्नेयेला न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र आहे आणि उत्तरेला, केनियाच्या हद्दीत, साधारण १,५०० चौरस किलोमीटरचे मसाई मारा राखीव क्षेत्र आहे. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, सुमारे दोन लाख झेब्रे आणि लाखोंच्या संख्येने थॉमसन हरणे या सगळ्या प्रदेशातून वर्षभरात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक फेरी पूर्ण करतात. विल्डबीस्ट, म्हणजेच नू, हा दाढीवाला, बैलासारख्या डोक्याचा आणि घोड्यासारख्या शेपटीचा प्राणी कुरंगांच्या कुळातला आहे आणि तो एकटा पाहिला तर फारसा देखणा नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

या फेरीचे मूळ गवतात आहे. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील मैदानांवर न्गोरोंगोरोच्या परिसरातील ज्वालामुखींची राख हजारो वर्षे पडत आली आहे. त्या मातीत उगवणाऱ्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, त्यामुळे गाभण आणि दुभत्या माद्यांना ते मानवते. मात्र या मैदानांवर बारमाही पाणी नाही. पाऊस थांबला की गवत वाळते, डबकी आटतात आणि कळप पश्चिमेकडे व उत्तरेकडे, अधिक पावसाच्या आणि वाहत्या नदीच्या प्रदेशाकडे निघतात. झेब्रे उंच, जाडेभरडे गवत वरून खातात, त्यांच्या मागून येणारे विल्डबीस्ट खालचे पानेदार गवत खातात, आणि नंतर फुटणाऱ्या कोवळ्या कोंबांवर थॉमसन हरणे जगतात. म्हणून हे तिघे बरेचदा मागेपुढे चालताना दिसतात.

एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. आज दिसणारी ही संख्या पूर्वापार अशीच होती असे नाही. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि विल्डबीस्ट यांचा फडशा पाडला. हा रोग त्या खंडात भारतातून नेलेल्या गुरांबरोबर शिरला असे मानले जाते. पुढे पाळीव गुरांना लस देऊन रोग आटोक्यात आणल्यावर १९६० च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७० चे दशक संपेपर्यंत तेरा लाखांपर्यंत पोहोचले.

महिना निवडताना

डिसेंबरपासून मार्चपर्यंत कळप दक्षिणेकडे, न्डुटू तलावाच्या भोवतीच्या आखूड गवतावर असतात. यातही जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा विणीचा काळ असतो. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात, त्यामुळे चार-पाच लाख वासरे जवळजवळ एकदमच मैदानावर येतात आणि शिकाऱ्यांनी कितीही मारली तरी बहुसंख्य वासरे वाचतात. मोकळे मैदान, आखूड गवत आणि भरपूर भक्ष्य यांमुळे चित्ते, सिंह आणि तरस यांना पाहण्यासाठी यासारखा दुसरा काळ नाही. न्डुटूचा जो भाग न्गोरोंगोरोच्या हद्दीत येतो तेथे गाडी रस्ता सोडून गवतात नेण्याची मुभा असते, सेरेंगेटीच्या हद्दीत मात्र ती नसते. हा फरक नकाशावर बारीक वाटतो, पण पन्नास मीटरवर बसलेल्या चित्त्याकडे दुर्बिणीतून पाहायचे की त्याच्याजवळ जायचे हे त्यावर ठरते.

एप्रिल आणि मे हे मोठ्या पावसाचे महिने. स्वाहिलीत या पावसाला ‘मसिका’ म्हणतात. कळप मोरू येथील खडकांच्या टेकड्या आणि उद्यानाच्या मध्यभागातील सेरोनेरा यांच्या परिसरातून लांब रांगा करून पश्चिमेकडे सरकत असतात. जूनमध्ये ते पश्चिम पट्ट्यातील ग्रुमेती नदीच्या आसपास असतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उत्तर सेरेंगेटीतील कोगातेंडे आणि पलीकडचा मसाई मारा या भागात त्यांचा वावर असतो, आणि मगरींनी भरलेली मारा नदी पार करण्याची जी दृश्ये आपण दूरचित्रवाणीवर पाहिलेली असतात ती या काळातील असतात. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस, म्हणजे ‘वुली’, सुरू झाला की कळप पूर्वेच्या बाजूने पुन्हा दक्षिणेकडे उतरू लागतात. हे सर्व वेळापत्रक पावसावर अवलंबून असल्याने दोन-तीन आठवडे पुढे-मागे होते, आणि ‘अमुक तारखेला नदी पार होते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आयोजकाकडे संशयाने पाहावे.

आता आपल्याकडच्या सुट्ट्या. मुलांच्या शाळा लक्षात घेणाऱ्या मराठी कुटुंबाला खऱ्या अर्थाने दोनच काळ मोकळे असतात, उन्हाळी सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी, आणि दुर्दैवाने हे दोन्ही काळ नदी पार होण्याच्या ऐन हंगामाच्या बाहेर पडतात. ऐन हंगामात श्रावण, गणपती, नवरात्र असे सण ओळीने येतात आणि घरातून पाय निघत नाही. तरीही मे महिन्याला सरसकट नाकारू नये. मेच्या उत्तरार्धात पाऊस ओसरू लागलेला असतो, मध्य आणि पश्चिम सेरेंगेटीत कळपांच्या मैलभर लांबीच्या रांगा दिसू शकतात, मुक्कामाचे दर हंगामापेक्षा बरेच उतरलेले असतात आणि गाड्यांची गर्दी नसते. रस्ते चिखलाचे असतात, ही त्याची किंमत. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आली तर मारा परिसरात मागे राहिलेले कळप मिळण्याची चांगली शक्यता असते. ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली तर कळप वाटेत असतात आणि नेमके कुठे गाठावेत हे सांगणे अवघड होते. शाळेचे बंधन नसलेल्यांनी, विशेषतः निवृत्त जोडप्यांनी, मनात नदी असली तरी फेब्रुवारीचा विचार अवश्य करावा. नदी पार होणे हा काही मिनिटांचा प्रसंग आहे आणि तो दिसेलच असे नाही. विणीच्या काळात मात्र सकाळी तंबूतून बाहेर पडल्यापासून सूर्यास्तापर्यंत आपण कळपाच्या आतच असतो.

केनिया की टांझानिया

वेळ पाच-सहा दिवसांचा असेल आणि महिना जुलै ते ऑक्टोबर यांपैकी असेल, तर केनिया सोयीचा आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि ते साधारण सहा तासांत पोहोचते. नैरोबीहून नारोकमार्गे मसाई माराच्या सेकेनानी फाटकापर्यंत गाडीने पाच-सहा तास लागतात, किंवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण-एक तासात पोहोचता येते. उरलेल्या सर्व महिन्यांत कळप टांझानियात असतात, त्यामुळे तेव्हा मसाई माराला स्थलांतरासाठी जाण्यात अर्थ नाही. टांझानियासाठी नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे किलिमांजारो विमानतळावर उतरून अरूशा शहर गाठावे लागते.

नकाशावर सेरेंगेटी आणि मसाई मारा एकमेकांना चिकटलेले दिसतात, म्हणून अनेकांना वाटते की सकाळी इकडून निघून दुपारी तिकडे जाता येईल. तसे करता येत नाही. दोन उद्यानांमधली सीमा पर्यटकांसाठी खुली नाही. पश्चिमेकडील इसेबानिया-सिरारी नाक्यावरून मोठा वळसा घालावा लागतो, गाडी आणि चालक नाक्यावर बदलावे लागतात आणि त्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. पारपत्रावर दोन्ही देशांचे शिक्के हवेत एवढ्यासाठी आठ दिवसांच्या सहलीतला एक दिवस रस्त्यावर घालवू नये, असे माझे मत आहे. मारा नदी टांझानियाच्या हद्दीतही आहे. कोगातेंडे येथे तिचे दोन्ही काठ टांझानियात येतात, आणि तेथे मसाई मारापेक्षा गाड्या सहसा कमी असतात.

केनियात एक वेगळा पर्याय आहे तो राखीव क्षेत्राला लागून असलेल्या खाजगी संरक्षित क्षेत्रांचा. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली काही. मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून भाड्याने दिलेल्या असतात, एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबाव्यात यावर मर्यादा असते, आणि राखीव क्षेत्रात ज्यांना परवानगी नाही अशा रात्रीच्या फेऱ्या व पायी भटकंती येथे करता येते. दर अर्थातच चढे असतात.

मुक्काम थोडे, रात्री जास्त

सहल आयोजकांच्या पत्रकात आठ दिवसांत सहा ठिकाणे असतात, कारण ठिकाणांची यादी लांब दिसली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. स्थलांतर पाहायचे असेल तर नेमके उलट हवे. कळप ज्या भागात आहेत तेथे सलग तीन, शक्य असल्यास चार रात्री राहावे. एक दिवस कळप शोधण्यात जातो, एक दिवस पाऊस किंवा नदीकाठच्या निष्फळ प्रतीक्षेत जाऊ शकतो, आणि तिसरा हाताशी असतो.

फेब्रुवारीसाठी आठ दिवसांची आखणी मी अशी करीन. पहिली रात्र अरूशात, दुसरी न्गोरोंगोरोच्या वाटेवरील करातू गावात. तिसऱ्या दिवशी पहाटे विवरात उतरायचे. हे विवर म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचा सुमारे २६० चौरस किलोमीटरचा तळ असून कडा त्याहून सुमारे ६०० मीटर उंच आहेत, आणि काळा गेंडा दिसण्याची चांगली संधी येथेच असते. दुपारी विवरातून बाहेर पडून संध्याकाळपर्यंत न्डुटू गाठता येते. तेथे तीन रात्री, मग सेरोनेरात दोन रात्री आणि आठव्या दिवशी सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने अरूशा. परतीचे विमान महाग वाटले तरी ते घ्यावे, कारण सेरोनेरा ते अरूशा हा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता खडबडीत असून त्याला सात-आठ तास लागतात, आणि न्गोरोंगोरो क्षेत्रातून नुसते जाण्यासाठीही पुन्हा प्रवेशशुल्क भरावे लागते. ऑगस्ट-सप्टेंबरसाठी न्डुटूच्या जागी कोगातेंडे धरावे आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी विमानानेच जावे.

फिरते तंबू-मुक्काम ही या सफारीतली खास सोय आहे. काही आयोजकांचे तंबू कळपांच्या मागोमाग हंगामाप्रमाणे जागा बदलतात. डिसेंबर ते मार्च न्डुटूला, जुलै ते ऑक्टोबर कोगातेंडेला. आत पलंग, कमोड आणि बादलीतून ओतलेल्या गरम पाण्याचा शॉवर असतो. रात्री तंबूभोवती तरस ओरडतात, सिंहही येऊन जातात, आणि जेवणाच्या तंबूपर्यंत जायला कर्मचारी सोबत लागतो. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पक्क्या बांधकामाचे लॉज घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

खर्च आणि आयोजकाला विचारायचे प्रश्न

खर्चाचा मोठा हिस्सा शुल्कांचा असतो आणि तो कोणत्याही आयोजकाला टाळता येत नाही, हे समजले की दर पत्रके वाचणे सोपे जाते. मसाई माराचे शुल्क परदेशी प्रौढ व्यक्तीसाठी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे २०२४ पासून आकारले जाते. सेरेंगेटीचे हंगामातील शुल्क कर धरून ८० डॉलरच्या थोडे वर जाते आणि ते २४ तासांसाठी असते. म्हणजे दुपारी दोनला फाटकातून आत गेलात तर शेवटच्या दिवशी दुपारी दोनच्या आत बाहेर पडावे लागते. न्गोरोंगोरोचे शुल्क कर धरून सुमारे ७० डॉलर आहे, आणि विवरात उतरण्यासाठी दर गाडीमागे २९५ डॉलर वेगळे लागतात, त्यामुळे दोघांनी जाण्यापेक्षा सहा जणांनी एका गाडीतून जाणे किती स्वस्त पडते ते लक्षात येईल. हे आकडे बदलत असतात. आरक्षण करताना त्या वर्षीचे दर लेखी मागून घ्यावेत. मुक्काम, गाडी, जेवण आणि शुल्क धरून टांझानियात मध्यम दर्जाच्या सफारीला माणशी दिवसाला साधारण ३०० ते ५०० डॉलर धरून चालावे.

ज्याच्या दरात ‘शुल्क वेगळे’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते ते पत्रक स्वस्त दिसते एवढेच. आयोजकाला पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: दरात कोणकोणती शुल्के धरली आहेत, गाडी फक्त आपल्यासाठी आहे की इतर प्रवासी असतील, गाडी लँड क्रूझर आहे की व्हॅन, प्रत्येकाला खिडकीची जागा आहे का, दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मुक्कामाचे नेमके नाव काय. ‘सेरेंगेटीत तंबू’ एवढेच लिहिलेले असेल तर तो तंबू उद्यानाच्या कोणत्या टोकाला आहे हे कळेपर्यंत पैसे भरू नयेत. आमच्या ओळखीतल्या एका गटाला जुलैअखेर ‘सेरेंगेटी’ या नावाखाली सेरोनेरात ठेवले होते. नदी तेथून तीन-चार तासांच्या रस्त्यावर होती, आणि रोज पहाटे निघून, धूळ खाऊन, सूर्यास्ताला परत येताना त्यांनी चार दिवसांत नदीकाठ एकदाच, तोही रिकामा पाहिला.

व्हॅनचा मुद्दा पावसाळी महिन्यांत गंभीर होतो. मसाई मारा आणि पश्चिम सेरेंगेटीतील बरीचशी जमीन काळी, चिकण, विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या रेगूर मातीच्या जातीची आहे. तिकडचे चालकही तिला ‘ब्लॅक कॉटन’ असेच म्हणतात. ओली झाली की ती चाकांना कशी बिलगते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. अशा वेळी चारही चाकांना जोर देणारी गाडीच हवी.

भारतातील आयोजकाकडून पॅकेज घेतल्यास रकमेवर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल केला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात जमा दाखवता येतो, पण हातातले पैसे आधी गुंततात, म्हणून तो अंदाजपत्रकात धरावा. हंगामातले चांगले मुक्काम वर्षभर आधी भरतात. मे महिन्यासाठी तीन-चार महिनेही पुरतात.

कागदपत्रे, लस आणि औषधे

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना सुरू केला आहे. टांझानियाचा व्हिसाही ऑनलाइन मिळतो आणि भारतीयांना त्यासाठी साधारणतः ५० डॉलर पडतात. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी मिळून एक संयुक्त पर्यटक व्हिसा आहे, पण त्यात टांझानिया नाही. ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ या त्याच्या नावावरून गैरसमज होतात.

पिवळ्या तापाची लस हा भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद. आपल्याकडे या रोगाला वाहणारे डास आहेत पण रोग नाही, म्हणून केनियासारख्या देशातून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचे पिवळे पुस्तक नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. केनियातून टांझानियात जातानाही ते मागतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच घ्यावी लागते, मुंबई-पुण्यात अशी केंद्रे आहेत, पण त्यांचे ठराविक वार असतात आणि गर्दी असते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरते, आणि एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने, जाण्याआधी सुरू करून परतल्यावर ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात नेण्याची सोय आहे का ते पाहावे. मैदानावर रुग्णालय नसते आणि नैरोबी हाच जवळचा मोठा आधार असतो.

बॅगेत काय असावे

छोट्या विमानात सहसा १५ किलोच सामान नेता येते, तेही मऊ पिशवीत, कारण चाकांची कडक बॅग त्या विमानाच्या पोटात बसत नाही. कपडे मातकट रंगाचे घ्यावेत. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला आकर्षित करतो. झाडीच्या भागात ती जीन्सवरूनही चावते. विषुववृत्ताजवळ जात आहोत म्हणून स्वेटर घरी ठेवणारे पहिल्याच पहाटे पस्तावतात, कारण न्गोरोंगोरोचा कडा २,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या टपाच्या गाडीत महाबळेश्वरच्या जानेवारीची आठवण येते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, म्हणून चकल्या आणि दशम्या कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधाव्यात. प्रत्येकासाठी स्वतंत्र दुर्बीण असावी. एका दुर्बिणीवर चौघे अवलंबून असले की बिबट्या झाडावरून उतरून जाईपर्यंत वाद चालतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या घ्याव्यात, जुन्या किंवा फाटक्या नोटा तिकडे नाकारतात. परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये.

शाकाहारी मंडळींनी फार चिंता करू नये. पूर्व आफ्रिकेत गुजराती समाज पिढ्यान् पिढ्या स्थायिक असल्याने नैरोबी आणि अरूशात वरण-भात सहज मिळतो, आणि ‘चपाती’, ‘चाय’, ‘गारी’, ‘दुका’ हे शब्द स्वाहिलीतही आपल्याच अर्थाने आहेत. तंबूतल्या स्वयंपाक्याला ‘शाकाहारी’ म्हणजे मासे आणि चिकनही नको, हे मात्र आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट कळवावे.

मैदानावर

ताडोबा किंवा पेंचची सवय असलेल्यांना एक फरक जाणवेल. येथे फेरी चार तासांत संपत नाही. सकाळी सहाला निघून जेवणाचा डबा गाडीतच घेऊन सूर्यास्तापर्यंत फिरता येते, आणि सहाच्या सुमारास परत मुक्कामी असावे लागते. वेळ ठरवताना चालकाकडून एकदा खात्री करून घ्यावी, कारण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आणि आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास असतो. चालकच वाटाड्या असतो. तो दुसऱ्या गाड्यांशी रेडिओवर बोलत असतो, आणि ‘न्युंबू’ हा शब्द कानावर आला की विल्डबीस्टची बातमी आहे असे समजावे. बक्षिसी गाडीमागे दिवसाला साधारण २० डॉलरच्या आसपास देण्याची पद्धत आहे.

नदीकाठी थांबण्याची तयारी मात्र घरून करून जावी. कोगातेंडेच्या काठावर आम्ही सकाळी साडेआठला पोहोचलो तेव्हा पलीकडच्या उतारावर काही हजार विल्डबीस्ट जमलेले होते. पुढचे काही पाण्यापर्यंत आले, वास घेतला आणि थबकले. मागच्यांच्या रेट्याने धूळ उडत होती. दहा वाजता एक झेब्रा गुडघाभर पाण्यात उतरला, काहीतरी हलले असावे, तो उसळून मागे वळला आणि त्याच्याबरोबर सगळा कळप चढण चढून नाहीसा झाला. काठावरच्या बऱ्याच गाड्या निघून गेल्या. आमचा चालक इंजिन बंद करून डबा उघडून बसला. दुपारी पावणेतीनला तोच कळप तीनशे मीटर वरच्या बाजूला पुन्हा उतरला, आणि या वेळी पहिला प्राणी थांबला नाही. सुमारे वीस मिनिटे ते ओळीने उड्या घेत होते. एक पिल्लू प्रवाहात आईपासून सुटले, वाहत जाऊन खालच्या वाळूवर लागले आणि ओरडत परत वरच्या दिशेने धावले. त्याचे पुढे काय झाले ते आम्हाला धुळीत दिसले नाही.

मगरींपेक्षा बुडून आणि चेंगरून मरणारे अधिक असतात. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडतात असे संशोधकांनी मोजले आहे, आणि त्यांची कलेवरे गिधाडांना, माशांना, मगरींना कित्येक आठवडे पुरतात. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवावे. कळप उतरू लागेपर्यंत गाडी काठापासून मागेच उभी ठेवायला चालकाला सांगावे, कारण उतरणीच्या तोंडाशी गाडी दिसली तर पहिला प्राणी बिचकतो आणि सगळ्यांचाच दिवस वाया जातो. गाडीतून उतरू नये, टपावर चढू नये, हाका मारू नयेत. आणि ‘अजून थोडे पुढे घ्या’ असे बक्षिसीचे आमिष दाखवून चालकाला म्हणू नये, कारण दंड झाला किंवा परवाना गेला तर तो त्याचा जातो.